एकपात्री प्रयोग आणि परवडणारे तिकीट : आपले अनुभव लिहा

डोंबिवली

आमच्या नाट्यगृहाबाहेर गेल्या रविवारी एका एकपात्री प्रयोगाचा फलक लागला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. या नटाला आम्ही आजवर मालिकांत आणि दोन-तीन नाटकांत दुय्यम भूमिकांत पाहिले आहे. तो दोन तास एकटा रंगमंचावर उभा राहून काय करतो, हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे. पहिल्या दहा रांगा ५०० रुपये, त्यामागच्या ४०० आणि बाल्कनी ३०० रुपये असे दर आहेत. आम्ही घरात चार माणसे आहोत. जाण्यायेण्याची रिक्षा आणि मध्यंतरातले वडे धरले, तर पुढे बसण्याचा हिशेब अडीच हजारांच्या आसपास जातो, आणि महिनाअखेरीला तो माझ्याच्याने जमणारा नाही.

म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. स्वस्तात तिकीट मिळवण्याच्या आपण अनुभवलेल्या वाटा कोणत्या? आणि एकपात्री प्रयोग बाल्कनीतून पाहिल्यास नेमके काय हातचे जाते? पाच-सहा पात्रांच्या नाटकात मागे बसलो, तरी माणसांच्या हालचालींवर चालून जाते. येथे नटाचा चेहरा हेच बहुतेक नेपथ्य असते, अशी माझी समजूत आहे. ती चुकीची असेल तर आनंदच होईल.

दादर, मुंबई

माझे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. शिवाजी मंदिर नाट्यगृह १९६५ साली सुरू झाले तेव्हापासून मी तेथे नाटके पाहत आलो आहे, त्यामुळे तिकीटखिडकीबद्दल लिहिण्याचा थोडा अधिकार मला असावा. आमच्या काळी ‘प्लॅन’ म्हणजे खरोखरच कागद असे. खिडकीमागचे गृहस्थ आसनांचा छापील नकाशा पुढे ओढत, विकल्या गेलेल्या चौकोनांवर निळ्या पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असत, आणि आपण उलट्या बाजूने मान वाकडी करून कोठे पांढरे उरले आहे ते शोधायचे. रांगेत मागे उभा असलेला माणूस खांद्यावरून डोकावून ‘अहो, जी (G) रांगेतली कडेची घ्या’ असा न मागितलेला सल्ला देई, आणि तो बहुधा बरोबर असे.

कडेचीच गोष्ट सांगतो. बहुपात्री नाटकात कडेच्या खुर्चीवरून विंगेजवळचे अर्धे घर दिसत नाही, म्हणून लोक ती टाळतात. एकपात्री प्रयोगात नट बहुतेक वेळ मध्यभागी आणि पुढे असतो. त्यामुळे मधल्या दराच्या पहिल्या रांगेतली कडेची दोन आसने मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे आणि एकदाही पस्तावलो नाही. जाहिरातीत प्लॅन कोणत्या दिवशी व किती वाजता उघडणार, म्हणजे तिकीटविक्री केव्हा सुरू होणार, ते छापलेले असते. त्या वेळी स्वतः खिडकीवर जावे. ऑनलाइन काढल्यास प्रत्येक तिकिटावर वेगळे शुल्क पडते, आणि चार तिकिटांचे ते शुल्क म्हणजे आपल्या वड्यांचे पैसे झाले.

छत्रपती संभाजीनगर

मला एकपात्री प्रयोगाची गोडी फुकट लागली, हे आधी कबूल करतो. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ १९७९ साली रंगभूमीवर आला. ते आमच्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले, त्यामुळे येथे त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखे बोलले जाई. मी तो प्रयोग प्रथम एका गणेशोत्सवात, शाळेच्या मैदानावर, पोत्यावर बसून पाहिला. पैसे मंडळाने भरले होते. आमच्यापुढे किमान तीसेक रांगा असतील. तेथून चेहरा दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि तरीही त्या एकट्या माणसात बावन्न माणसे दिसली. उपरणे डोक्यावरून घेतले की म्हातारी, खांद्यावर टाकले की पुढारी. पण त्याहून अधिक काम आवाज आणि पाठीचा बाक करत होता. शेजारी बसलेली माझी आत्या, जिला नाटक म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हते, ती मध्येच म्हणाली, ‘आता ती दुसरी बाई कुठं गेली रे?’ रंगमंचावर एकच माणूस आहे, हे तिच्या लक्षातच आले नव्हते.

डोंबिवलीकर, आपली समजूत निम्मी खरी आहे. शरीर आणि बोली यांवर उभा असलेला प्रयोग मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचतो. एकच व्यक्तिरेखा घेऊन आत खोल जाणारा प्रयोग असेल, तर मात्र पुढे बसावे. जाहिरातीत ‘इतक्या भूमिका’ असे लिहिले असेल, तर बाल्कनी निःशंक घ्यावी. शिवाय मंडळे, बँका, वाचनालये यांनी ठरवलेले कंत्राटी प्रयोग कोठे आहेत याची चौकशी करत राहावी. अशा प्रयोगांच्या प्रवेशिका उरतात आणि शेवटच्या दिवशी वाटल्या जातात.

पुणे

संभाजीनगरच्या सरांनी म्हटलेले खरे आहे. मात्र प्रवेशिकेची वाट पाहत बसण्यापेक्षा लहान रंगमंच शोधावा, असे मी सुचवीन. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे. तेथे शेवटची रांगसुद्धा मोठ्या नाट्यगृहातल्या पाचव्या-सहाव्या रांगेइतकी जवळ असते आणि दर सहसा कमी असतो. बालगंधर्व किंवा यशवंतराव चव्हाण अशा मोठ्या नाट्यगृहांत येण्याआधी पुष्कळ एकपात्री प्रयोग अशा ठिकाणी होतात. तेथे पाहिल्याचा आणखी एक लाभ म्हणजे प्रयोग अजून कच्चा असतो. नट मध्येच अडखळतो, सावरतो, आणि ते सावरणे फार जवळून पाहायला मिळते.

सातारा जिल्हा

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या गावी नाट्यगृह नाही, त्यामुळे रांगा आणि बाल्कनी हा विषय आमच्याकडे निघतच नाही. सुषमा देशपांडे यांचा ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा प्रयोग १९८९ पासून सुरू झाला. पुढे काही वर्षांनी तो मी शाळेच्या सभागृहात पाहिला, तेव्हा पुढच्या सतरंजीवर पाचवीच्या मुली होत्या आणि मागे त्यांच्या आया उभ्या होत्या. पडदा नव्हता, दिवे शाळेचेच होते. नटी आणि पहिली रांग यांच्यात हातभर अंतर असेल. एकटी बाई उभी राहून बोलू लागली, की नाटकाला लागणारे बाकीचे सामान किती कमी आहे ते कळते. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी शाळा, महाविद्यालये आणि महिला मंडळे यांचे कार्यक्रम अवश्य विचारावेत. शहरातल्या पाचशे रुपयांहून जवळची जागा तेथे मिळते.

गिरगाव, मुंबई

वीस वर्षे नाटकांचे व्यवस्थापन केल्यामुळे, येथे कोणी अजून उघड विचारले नसले, तरी अनेकांच्या मनात असलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो : नट एकच, तर तिकीट बहुपात्री नाटकाइतके का?

एकपात्रीत वाचतात त्या गोष्टी म्हणजे इतर कलाकारांच्या नाईट (म्हणजे दर प्रयोगाचे मानधन), दौऱ्याची मोठी बस आणि नेपथ्याचा टेम्पो. वाचत नाही ते नाट्यगृहाचे भाडे, प्रकाश आणि ध्वनी, बॅकस्टेजची माणसे आणि वर्तमानपत्रातली जाहिरात. जाहिरातीचा चौकोन नट एक असला म्हणून लहान होत नाही. ज्या नटाच्या नावावर लोक येतात, त्याची नाईटही तशीच असते, आणि नाव नसलेल्या नटाचे निम्मे नाट्यगृह रिकामे राहते. म्हणजे पाच नटांच्या नाटकाला जितकी तिकिटे खपावी लागतात, त्याहून फार कमी खपून येथे भागत नाही.

५०० हा आकडा वारंवार दिसतो, त्यालाही कारण आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर लागत नाही. २०१८ च्या जानेवारीपर्यंत ही मर्यादा २५० होती. ५०१ रुपये लावले की १८ टक्के कर येतो, म्हणून बहुतेक निर्माते त्या उंबरठ्यावर थांबतात.

आता आपल्या उपयोगाचे. शनिवार-रविवारच्या रात्रीच्या तारखा मोठ्या नाटकांकडे जातात आणि एकपात्रीला अनेकदा आठवड्यातला दिवस किंवा सकाळची वेळ मिळते. अशा वेळी निर्माता स्वतःहून सवलत जाहीर करतो, किंवा दहा-वीस तिकिटे एकदम घेणाऱ्या गटाला कमी दर देतो. आपल्या सोसायटीतून पंधरा माणसे जमवा आणि फलकावरच्या क्रमांकावर सरळ फोन करा. व्यवस्थापकाला असा फोन आवडतो. मला तरी आवडत असे. एक विनंती मात्र आहे. ओळख काढून पास मागू नका. चारशे आसनांत चाळीस पास गेले, की नफा तेथेच संपतो.

ठाणे

आमच्या सासूबाईंना ऐकू कमी येते. मागच्या वर्षी एका एकपात्री प्रयोगाला आम्ही तिघे गेलो, तेव्हा माझ्या पतींनी एक तिकीट दुसऱ्या रांगेचे आणि दोन बाल्कनीची काढली. मला ते फार विचित्र वाटले. आईंना खाली एकट्या बसवून आपण वर जायचे, हे मनाला पटेना. आईंनीच विषय संपवला : ‘मी काय तुमच्या मांडीवर बसून बघणार आहे का?’

वरून आम्हाला शब्द सगळे ऐकू आले. प्रसंग वडिलांच्या मृत्यूचा होता आणि नट बराच वेळ खुर्चीवर बसून शांतपणे बोलत होता. आम्हाला तो भाग थोडा लांबलेला वाटला. मध्यंतरात खाली आलो तर आई हातात चहाचा कप घेऊन उभ्या, चहा गार झालेला. त्या म्हणाल्या, ‘बोलत होता तेव्हा सगळा वेळ तो पायाच्या अंगठ्याने चप्पल शोधत होता, पाहिलंत का? उठायचं होतं त्याला, पण उठवत नव्हतं.’ आम्ही पाहिलेच नव्हते. बाल्कनीतून ती चप्पल दिसतच नाही. दुसऱ्या अंकाच्या वेळी आम्ही ठरवून त्याच्या पायांकडे पाहत होतो, आणि तेथून जे दिसले ते फक्त धोतराचे काठ.

नागपूर

येथे चांगल्या वाटा सांगितल्या जात आहेत, म्हणून एक वाईट वाटही नोंदवते. प्रयोग हाऊसफुल्ल झाल्यावर एका व्हॉट्सॲप गटात ‘अडचणीमुळे दोन तिकिटे अर्ध्या किमतीत’ असा निरोप आला. मी पैसे पाठवले आणि तिकिटांचा स्क्रीनशॉट मिळाला. दारावर कोड दाखवला तेव्हा ती दोन्ही आसने अगोदरच भरलेली निघाली. तोच स्क्रीनशॉट आणखी कोणाला विकला होता की मूळ मालकच आत बसला होता, ते अखेरपर्यंत कळले नाही. दारावरच्या मुलाने मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले आणि पाणी आणून दिले. आतून हशा ऐकू येत होता. अनोळखी माणसाकडून तिकीट घ्यायचेच असेल, तर नाट्यगृहाच्या दारात, तो समोर असताना घ्यावे.

लंडन

येथे सवलतीचे प्रकार अधिक आहेत आणि मूळ दर डोळे पांढरे करणारे आहेत, म्हणून हिशेब तेथेच येतो. काही नाट्यगृहे त्या दिवसाची थोडी तिकिटे सकाळी स्वस्तात सोडतात, आणि लेस्टर स्क्वेअरमध्ये सवलतीच्या तिकिटांची एक खिडकीच आहे. मी शिकत असताना रॉयल कोर्ट नाट्यगृहात उभे राहून पाहण्याची मोजकी तिकिटे १० पेन्सना मिळत. प्रयोगाच्या तासभर आधी पोहोचावे लागे आणि दृश्याचा काही भाग कापला जाई. दहा पेन्समध्ये तक्रार कोण करतो!

२०२४ साली हेमार्केटच्या थिएटर रॉयलमध्ये सारा स्नूक ही अभिनेत्री एकटीने २६ भूमिका करत होती. मला सर्वांत वरच्या मजल्यावरची जागा परवडली. रंगमंचावर कॅमेरे आणि मोठे पडदे होते आणि तिचा चेहरा त्यांवर जिवंत दिसत होता, त्यामुळे डोंबिवलीकरांच्या प्रश्नाला त्या प्रयोगाने यंत्राने उत्तर दिले होते, असे म्हणता येईल. प्रयोग विलक्षण होता. तरी बाहेर पडताना मी सोबतच्या इंग्रज मैत्रिणीला सांगितल्यावाचून राहिले नाही, की आमच्याकडे एका प्राध्यापकांनी एका उपरण्यावर याच्या दुप्पट भूमिका केल्या. तिला ते थापेबाजी वाटले. संभाजीनगरच्या सरांच्या आत्याबाईंची गोष्ट आता तिला भाषांतर करून पाठवणार आहे.

डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. गिरगावच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे फलकावरच्या क्रमांकावर फोन केला. गटासाठी सवलत आहे, पण वीस माणसे हवीत आणि आमच्या इमारतीत आजवर अकरा तयार झाली आहेत. ती वीस न झाल्यास दोन तिकिटे मधल्या दराच्या पहिल्या रांगेत कडेची आणि दोन बाल्कनीची घ्यायची, असे ठरले आहे. प्लॅन गुरुवारी सकाळी साडेआठला उघडतो आणि मी आठच्या आत खिडकीवर असेन. खाली कोणी बसायचे याचा निकाल अजून लागलेला नाही. ठाण्याच्या ताईंची चपलेची गोष्ट घरात मोठ्याने वाचून दाखवली ही माझी चूक झाली, कारण तेव्हापासून चौघांनाही खालीच बसायचे आहे.