सिव्हिल घ्यावं का? घरचे म्हणतात, मुलीने उन्हात साइटवर काय करायचं

बार्शीची_पोरगी
नमस्कार. सीईटी झाली, आता कॅपचे (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांचे) पर्याय भरायचेत. गेल्या वर्षीचे कटऑफ बघता कराडच्या शासकीय कॉलेजात सिव्हिल मिळेल असं वाटतंय. कॉम्प्युटर हवं असेल तर पुण्याजवळचं एखादं खासगी कॉलेज. गणित, फिजिक्स आवडतं. कोडिंगची ना आवड ना नावड. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे सिमेंट, सळई, बाइंडिंग वायर लहानपणापासून बघतेय. पण तेच पप्पा म्हणतात, "आपल्याकडे उधारीवर माल नेणाऱ्यांत इंजिनिअरच जास्त." मामा म्हणतो, एआयमुळे कॉम्प्युटरचंही काही खरं नाही. सिव्हिलवाल्यांना पुढे नेमकी कोणती कामं मिळतात आणि मुलीला साइट जमते का, एवढंच सांगा. "आवडेल ते कर" असं कृपया कोणी सांगू नका.

कॉलम_ते_कोड
मी सिव्हिल केलं आणि आता हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. आमच्या बॅचचे बरेच जण इकडेच आलेत. शेवटी इकडेच यायचं तर आधीच कॉम्प्युटर घे, वळसा कशाला?

ओळंबा
दादांचं बरोबर आहे, पण ते साइट सोडून गेलेल्याचं बोलणं झालं. मी टिकलेली आहे, तर माझंही ऐक. सध्या पुण्यात एका उड्डाणपुलाच्या कामावर क्वालिटीला आहे, त्याआधी बिलिंगला होते.

कॉलेज चार वर्षं तुला मुख्यतः डिझाइन शिकवतं. बीम, स्लॅब, फुटिंग (पाया), आयएस ४५६ (काँक्रीट कामाची भारतीय मानक संहिता) उलटसुलट. बाहेर आलं की डिझाइनच्या खुर्च्या मोजक्या आणि त्या बहुतेक स्ट्रक्चर्समध्ये एमटेक केलेल्यांना जातात. बाकीच्यांना एक्झिक्युशन, क्वालिटी, प्लॅनिंग, सर्व्हे आणि बिलिंग. बिलिंगबद्दल कॉलेजात कोणी धड बोलत नाही, एस्टिमेटिंगचा पेपर सगळे आदल्या रात्री उरकतात. पण साइट चालते बिलावर. केलेलं काम मोजून मेजरमेंट बुकात (मोजमापांच्या नोंदवहीत) चढलं आणि आरए बिलात, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने काढायच्या बिलात आलं, तरच ठेकेदाराच्या हातात पैसे पडतात. ड्रॉइंग वाचून बीबीएस (कुठली सळई, किती लांब, किती नग याची यादी) काढता येणाऱ्या माणसाला कोणी घरी बसवत नाही. सळईचं मीटरचं वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, १२ मिमीला ०.८९ किलो. पप्पांना विचार, त्यांना तोंडपाठ असेल.

आता क्वालिटी. पिअर कॅपचा (पुलाच्या खांबाच्या डोक्याचा) एम ४० काँक्रीटचा पोअर, म्हणजे काँक्रीट ओतायचं काम असतं, तेही रात्री, कारण दिवसा ट्रांझिट मिक्सर (काँक्रीटची गाडी) शहरातून वेळेत येतच नाही. ट्रॅफिकमध्ये अडकून गाडी आली की काँक्रीट घट्ट झालेलं असतं आणि ड्रायव्हर पाण्याचा पाइप घेऊनच खाली उतरतो. त्याला तिथेच थांबवायचं. आधी स्लंप, म्हणजे काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे त्याची चाचणी. ३०० मिमी उंचीचा शंकू थराथराने भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ टोले, मग शंकू सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती बसलं ते मोजायचं. कमी बसलं तर ठरलेल्या मापात अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीट सैल करणारं रसायन), तरीही नाही तर गाडी परत. पाणी अजिबात नाही. गाडी परत गेली की प्लांटवाल्याचा फोन येतो, मग प्रोजेक्ट मॅनेजरचा. दोघांनाही तेच उत्तर द्यायचं, आवाज न चढवता. याचा कुठला पेपर नसतो.

त्याच काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब भरायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून टाकीत टाकायचे, ७ आणि २८ दिवसांनी मशीनखाली फोडायचे. क्यूबचा पृष्ठभाग २२,५०० चौरस मिमी, म्हणजे ९०० किलोन्यूटनला फुटला तर चौरस मिमीला बरोबर ४० न्यूटन भरतात, एम ४० मधले ४० तेच. आम्हाला सरासरी त्याच्या वर लागते, काठावर पास होणारा क्यूब बघून कोणी खूश होत नाही.

मुलीला साइट जमते. मुकादम आठवडाभर "साहेबांना विचारतो" म्हणत तुला टाळेल. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर धरणारे ठोकळे) नसलेली सळईची जाळी तू एकदा अडवलीस की तुलाच विचारायला येईल. खरी अडचण संडासाची आहे. मुलाखतीत बिनधास्त विचार, साइटवर बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे का आणि रात्रीच्या पोअरनंतर घरी सोडायला गाडी मिळते का. उत्तर देताना समोरचा एचआरकडे बघायला लागला तर समजून जा.

पगारात पहिली काही वर्षं कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणींच्या मागे राहशील, हे घरी आत्ताच सांगून ठेव. छोट्या ठेकेदाराकडे पगार लांबतोही. एका ठिकाणी माझे अडकलेले पैसे वर्षभराने मिळाले, तेही हप्त्यांनी.

कालवा_शाखा
ताईंच्या उत्तरात सरकारी बाजू राहिली. मी जलसंपदात आहे. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, केंद्राची ईएसई (अभियांत्रिकी सेवा परीक्षा), रेल्वे, वेगवेगळ्या विभागांतले कनिष्ठ अभियंते, वाटा भरपूर आहेत. पण राज्याची जाहिरात कधी येईल आणि निकाल कधी लागेल याचा भरवसा धरू नका. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं बसलेली पोरं मी पाहिलीत. गेटबरोबर (एमटेक प्रवेशाच्या परीक्षेबरोबर) तयारी करा, अभ्यास बराचसा तोच आहे आणि गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो.

सरकारी सिव्हिल म्हणजे कायम बांधकाम, असंही समजू नका. तुमच्या जिल्ह्यातलं उजनी बांधून किती वर्षं झाली! आता काम आहे ते पाणी पोहोचवायचं. रब्बीचं आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटलं की टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी फोनवर आणि वरचे शेतकरी कालव्याचं दार उचलून बसलेले. आपण गेजवर (मोजपट्टीवर) क्युसेक, म्हणजे पाण्याचा प्रवाह वाचायचा आणि दोघांच्या शिव्या खायच्या. कॉलेजात कालव्यातल्या प्रवाहाचं मॅनिंगचं सूत्र शिकाल, त्यात 'एन' म्हणजे पात्राचा खडबडीतपणा. पुस्तकात त्याचा तक्ता असतो. आमच्याकडे तो बेशरमाची झुडपं ठरवतात.

तरी नोकरी सोडायचा विचार कधी आला नाही. बदली मात्र दोनदा मागितली.

बार्शीची_पोरगी
ताई, दादा, खूप आभार. पप्पांना वाचून दाखवलं. १६२ ऐकून हसले, पण हो म्हणाले नाहीत अजून. सिव्हिलला गेलेच तर पहिल्या वर्षापासून काय करू? आणि फीचं काय?

ओळंबा
सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला मुलं ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) धरतात आणि मुलींच्या हातात रीडिंगची वही देतात. वही घेऊ नकोस. ऑटोकॅड आणि एक्सेल दुसऱ्या वर्षाच्या आत हाताला बसव. ईटॅब्सच्या (इमारतीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) क्लासला आधीच पैसे घालू नकोस, हाताने बीम सोडवता येत नसेल तर सॉफ्टवेअरने काढलेली चूक कळतच नाही. सुट्टीत पप्पांच्या ओळखीच्या ठेकेदाराच्या साइटवर जा. स्लॅबच्या आदल्या दिवशी जा, सळई बांधलेली तेव्हाच दिसते, दुसऱ्या दिवशी सगळं काँक्रीटखाली.

फीचं म्हणशील तर कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असशील, तर २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल, मेस त्यात धरू नकोस. उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तर नॉन क्रिमीलेअर आत्ताच काढ. कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या की सेतूत उभं राहायला जागा नसते.