मदत हवी आहे : येऊरच्या उतारावर झाडं मोजताना घोळ होतोय

नमस्कार मंडळी. वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही काही जण ठाण्याच्या येऊर डोंगरात झाडांच्या जातींची नोंद करतोय. १० बाय १० मीटरचे चौकोन आखायचे, १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा. सपाटीला काही अडत नाही. पण ३० अंशांच्या चढावर टेप जमिनीलगत १० मीटर धरला, तर आडवं अंतर ८.६६ मीटरच भरतं. तुम्ही टेप आडवा ताणता की मागाहून हिशेब करता? करवंदाच्या जाळीत आडवा ताणणं म्हणजे शिक्षाच आहे!

दुसरं, ऐन की किंजळ? फळं असली की प्रश्न मिटतो : ऐनाच्या फळाला पाच पंख, किंजळीच्या फळाला एक मोठा नि दोन छोटे. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल जुन्या झाडावर लगेच कळते, कोवळ्या खोडावर मात्र फसायला होतं. अशा वेळी काय बघता?

आणि पानगळीत मोई नि काकड नुसत्या सालीवरून सांगणारं कुणी असेल, तर एखाद्या रविवारी सोबत याल का? नाव आधी कळवा, परवानगीच्या यादीत घालावं लागेल. वडापाव आमच्याकडून.