प्लग काढून 24 व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ओके नव्हे
"पोकलेनचं इंजिन चालू आहे, पण बूम, बकेट, ट्रॅक काहीच हलत नाही म्हणजे हायड्रॉलिक पंप गेला" हे म्हणणं पटत नाही, आणि "प्लग काढून 24 व्होल्ट आले म्हणजे वायरिंग ओके" हेही नाही. पंप सहसा असा गुपचूप जात नाही. आधी रडतो, गरम झाला की मशीन सुस्तावतं. सगळंच एकदम थंड पडलं तर पंप उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉपला न्यायच्या आधी सेफ्टी लिव्हरचा (सीटजवळची, कंट्रोल लॉक करणारी दांडी) स्विच, फ्यूज आणि पायलट लॉक सोलेनॉइड (पायलट तेल सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बघा. त्या सोलेनॉइडला करंट नसेल तर जॉयस्टिकपर्यंत पायलट तेलच (मुख्य व्हॉल्व्ह हलवणारं कमी दाबाचं तेल) पोचत नाही.

आता 24 व्होल्टचं. सोलेनॉइडचा प्लग काढून मोजलं की मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे एका तारेवर तगलेली वायरसुद्धा पूर्ण 24 दाखवते. प्लग जोडलेलाच ठेवा, इंजिन बंद, चावी ऑन, लिव्हर अनलॉक, आणि प्लगच्या मागून, वायरच्या बाजूने बारीक पिन घालून व्होल्टेज मोजा. गगनबावड्याकडे पावसाळाभर उभ्या असलेल्या एका पोकलेनवर प्लग काढून 24 आणि जोडून जेमतेम 9 येत होते. सीटखालच्या कनेक्टरची पिन हिरवीगार, वायर चिमटीत धरली तर आत नुसता चुरा. (तोवर मालकाने पंपाचं कोटेशन घेऊन ठेवलेलं!) अर्थिंगच्या बाजूलाही हीच तपासणी करा, ती बहुतेक जण विसरतात.

सोलेनॉइडच्या जागी 21 वॅटचा बल्ब लावून तो नीट पेटतो का बघायची युक्ती या ऑन-ऑफ सोलेनॉइडला चालते. पंपाच्या प्रपोर्शनल सोलेनॉइडच्या (ज्याला कंट्रोलर कमीजास्त करंट देतो) वायरला मात्र बल्ब लावू नका, कंट्रोलरचं आउटपुट उडू शकतं. तिथे मीटर सिरीजमध्ये टाकून मिलिअँपिअरच मोजायचे.