पॉलीयुक्टोस जिंकला म्हणता? मग बॅसिलला कोणी विचारलं?

जुनं दप्तर:
बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या इतिहासात धर्मसत्तेने राजसत्तेला वाकवल्याचं उदाहरण द्यायचं झालं की ९६९ चा डिसेंबर पुढे केला जातो. मला ते उदाहरण पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी: १० डिसेंबरच्या रात्री कॉन्स्टॅन्टिनोपलच्या राजवाड्यात मारेकऱ्यांना दोराने टोपलीत बसवून वर ओढून घेतलं गेलं. सम्राट निकेफोरोस फोकासचा पलंग रिकामा. मंडळींची पाचावर धारण बसली. सम्राट सापडला जमिनीवर, कातड्यावर झोपलेला, आणि तिथेच त्याला मारलं. कटाचा म्होरक्या त्याचा सख्खा भाचा, सेनापती जॉन त्झिमिस्केस. आतून मदत सम्राज्ञी थिओफानोची.

मग भाचा राज्याभिषेकासाठी आया सोफियाला, म्हणजे राजधानीतल्या मुख्य चर्चला गेला, तर पेट्रिआर्क (तिथला सर्वोच्च धर्मगुरू) पॉलीयुक्टोसने त्याला आत येऊ दिलं नाही. आधी थिओफानोला राजवाड्यातून हाकल, खुनी कोण ते सांग, प्रायश्चित्त घे, आणि बिशप नेमताना सम्राटाची संमती लागेल हा मामाचा कायदा रद्द कर. त्झिमिस्केसने सगळं मान्य केलं. वार मी नाही, कटातल्या बालांतेसने केला, असं सांगून हात झटकले. नाताळला मुकुट डोक्यावर.

या सगळ्यात एक नाव कुठेच येत नाही. बॅसिल लेकापेनोस. सम्राट रोमानोस पहिल्याचा अनौरस मुलगा, लहानपणीच खच्ची केलेला, म्हणजे गादीवरचा हक्क संपला. तो झाला 'पाराकोइमोमेनोस', शब्दशः सम्राटाशेजारी झोपणारा, प्रत्यक्षात दरबारातला सर्वात वजनदार खोजा. ९६३ मध्ये याने आपल्या घरची तीन हजार माणसं हत्यारं देऊन रस्त्यावर उतरवली, तेव्हा कुठे फोकास गादीवर बसला. बक्षीस म्हणून 'प्रोएद्रोस' हा नवाकोरा किताब मिळाला. आणि त्याच फोकासच्या खुनाच्या सुमारास हा आजारी पडून अंथरुणाला खिळलेला! काम झाल्यावर ठणठणीत, आणि लगेच नव्या सम्राटाच्या बाजूला उभा. असली आजारपणं आपण काय ओळखत नाही?

पॉलीयुक्टोसने त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ही धर्माची जीत नव्हे. कारभाऱ्याने ठरवलेल्या हद्दीत धर्माला मिळालेली मोकळीक आहे.

दुर्बीण:
दप्तरराव, शेवटच्या वाक्याला पुरावा? हद्द बॅसिलने आखून दिली, हे कुठल्याच बखरकाराने लिहिलेलं नाही. ते तुमचं.

पॉलीयुक्टोस कुणाच्या मोकळीकीवर जगणारा माणूस नव्हता. त्याने फोकासलाही सोडलं नव्हतं. थिओफानोशी लग्न केलं तेव्हा बोभाटा झाला की फोकास तिच्याच मुलाचा धर्मपिता आहे, म्हणजे नातं निषिद्ध. याने नव्या सम्राटाला धर्मबंदी केली. शेवटी धर्मपिता फोकास नव्हे, त्याचा बाप होता अशी साक्ष आणावी लागली, तेव्हा सुटका. पुढे फोकासने मागणी केली की युद्धात पडलेल्या शिपायांना हुतात्मा संत म्हणा. याचं उत्तर: संत बॅसिलच्या (हा जुना धर्माचार्य, आपला कारभारी नव्हे) नियमाप्रमाणे रणात माणूस मारणाऱ्याने तीन वर्षं प्रसाद घ्यायचा नाही, आणि त्यालाच संत म्हणू? विषय बंद. अरबांना पळवून लावणाऱ्या सेनापती-सम्राटाला तोंडावर 'नाही' म्हणायला काय लागतं ते बघा.

आणि ९६९ मध्ये त्याने कायदा रद्द करून घेतला. निव्वळ पश्चात्तापाचे अश्रू नाहीत.

जुनं दप्तर:
रद्द करून घेतला, बरं. पॉलीयुक्टोस ९७० मध्ये वारला. पुढचा पेट्रिआर्क त्झिमिस्केसने स्वतः निवडला, एक तपस्वी साधू, आणि काही वर्षांत पदावरून काढूनही टाकला. कायदा कागदावर गेला. सम्राटाची संमती कुठे गेली?

खडीसाखर:
तुमच्या दोघांच्या भांडणात त्या बाईचं काय झालं ते राहिलं. थिओफानो आधी बेटावर हद्दपार. तिथून निसटून ती आया सोफियाच्या आसऱ्याला आली. तिला तिथून बाहेर ओढायला कोण आलं? बॅसिल. बखरकार स्किलित्झेस लिहितो की तिने त्याला रानटी, सिथियन म्हणून शिव्या घातल्या आणि कानशिलावर ठोसे लगावले. मग लांब आर्मेनियाकडे रवानगी.

ती निर्दोष होती असं मी म्हणत नाही. पण टोपलीत बसून आलेला सम्राट झाला, आजारी पडलेला कारभारी राहिला, आणि शिक्षा भोगायला बाई. आपल्याकडे 'ध चा मा' कुणाच्या नावावर फुटतो ते आठवलं. एवढंच.

दुर्बीण:
ताई, मान्य. मी ते ठोसे विसरलो होतो. पण एक सावधगिरी: स्किलित्झेसने शंभरेक वर्षांनी लिहिलंय. दुसरा बखरकार लिओ द डीकन त्या काळातला, पण फोकासबद्दल भलताच हळवा.

आता दप्तररावांच्या 'कारभाऱ्या'कडे. त्याची सत्ता उसनी होती, आणि ९८५ मध्ये ते उघड झालं. थिओफानोचा मुलगा, याच नावाचा सम्राट बॅसिल (दुसरा), मोठा झाला, एक दिवस म्हणाला पुरे, आणि म्हातारा घरी, मग हद्दपार. ९९६ च्या कायद्यात तर सम्राटाने लिहून ठेवलं की मी कारभार हाती घेण्याआधीच्या काळात या माणसाच्या राजवटीत निघालेल्या सनदा रद्द, ज्यांच्यावर मी स्वतःच्या हाताने 'तपासलं' अशी नोंद केली असेल त्या सोडून. एका पिढीचा कारभार, आणि तो एका शब्दावर लटकलेला! पॉलीयुक्टोसला मरेपर्यंत कुणी हलवू शकलं नाही.

जुनं दप्तर:
पण ज्या माणसाच्या सनदा दहा-अकरा वर्षांनंतरही सम्राटाला एकेक करून तपासाव्या लागतात, त्याने केवढ्या सोडल्या असतील याचा विचार करा. जमिनींचं तर विचारूच नका. त्झिमिस्केस मोहिमेवरून परतताना वाटेत सुपीक इस्टेटी बघून विचारतो, या कुणाच्या? प्रत्येक वेळी उत्तर एकच: बॅसिलच्या. सम्राट उसासा टाकतो की सैन्याने मरायचं, सम्राटांनी सीमेबाहेर झिजायचं, आणि कमाई एका खोज्याच्या पदरात. लिओ सांगतो की हे बॅसिलच्या कानावर गेलं. राजधानीला पोचेपर्यंत सम्राट आजारी, आणि जानेवारी ९७६ मध्ये गेला. विषाची वदंता तेव्हापासून आहे. सिद्ध काही नाही, हे मीच सांगतो, नाहीतर दुर्बीण सांगेल.

तिसरा पाय:
दोन्ही बाजू वाचल्या. एक कुणी बोललंच नाही: पॉलीयुक्टोसही खोजाच होता. आईवडिलांनी लहानपणी खच्ची करून मठात दिलेला. दोघांपैकी कुणालाच गादी मिळणं शक्य नव्हतं, म्हणूनच सम्राटांना दोघे चालत होते.

जुनं दप्तर:
हे मला माहीत असून सुचलं नाही. तरी एक फरक राहतो. जर्मनीत लिंबुर्गच्या संग्रहालयात सोन्यामिन्याची एक पेटी आहे. तिच्यावर 'प्रोएद्रोस बॅसिल'चं नाव कोरलेलं मी काचेला नाक लावून पाहिलंय. सनदा पुसल्या, नाव हजार वर्षं टिकलं.

दुर्बीण:
पेटीच्या आत काय ठेवलंय तेही सांगा की. येशूच्या क्रुसाचं मानलेलं लाकूड. नाव टिकवायला कुठल्या दारात जायचं ते तुमच्या कारभाऱ्याला बरोबर माहीत होतं.