बी विंगचा टायगर आणि काठीचा विषय

बी-२०२ वहिनी: टायगरच्या घरच्यांना विनंती. सकाळी शाळेच्या वेळी लिफ्टचं दार उघडलं की तो अंगावर आल्यासारखा भुंकतो. आज आमच्या पिल्लूने दप्तर तिथंच टाकलं आणि जिन्याने पळत सुटला. काहीतरी करा हो.

ए-१०३ आबा: मी बी तेच सांगी ऱ्हायनू. रातले बी भुकस तो.

बी-४०१ भाऊ: यात एवढं काय? काल वॉचमनने काठी आपटली, टायगर चिडीचूप! मी स्वतः बघितलं. मालक कोण ते कुत्र्याला कळलं पाहिजे. लांडग्यांच्या कळपात नाही का एक सरदार असतो, तसं.

बी-२०१ दादा: वहिनी, उद्यापासून शाळेच्या वेळात त्याला बाहेर आणत नाही. पण भाऊ, ती काठी थांबवा. कालपासून तो दाराबाहेर पाय ठेवायला तयार नाही.

सी-३०२ ताई: मी पण काल तिथंच होते. गप्प झाला हे खरं, पण कसा झाला ते बघितलं का कोणी? शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, जीभ सारखी नाकावर फिरत होती. तोंड भिंतीकडे आणि तिरका डोळा काठीवर, बुबुळाच्या कडेचं पांढरं दिसेल इतका. ही भीती आहे भाऊ, शहाणपण नाही. आणि काठी आपटली तेव्हा समोर मुलं उभी होती. टायगरने काय जोडलं? दार वाजतं, मुलं दिसतात, मग काठी येते. घंटेनंतर खाऊ मिळत गेला म्हणून नुसत्या घंटेनेही लाळ गाळणारा पावलोव्हचा कुत्रा शाळेत शिकलोय की आपण सगळे. इथं फक्त घंटेच्या जागी आपली मुलं आहेत.

सी-३०२ ताई: अजून एक. भुंकणं, गुरगुरणं ही त्याची 'लांब राहा' म्हणायची पद्धत आहे. ती मारून बंद केली तर भीती आत तशीच राहते, इशारा मात्र जातो. मग लोक म्हणतात, काही न करता एकदम चावला. मला गुरगुरणारा कुत्रा परवडला.

बी-४०१ भाऊ: आणि लांडगे? तेही खोटं का?

सी-३०२ ताई: लांडगे खरे, सरदार जुना झाला 😄 १९४७ मध्ये प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून ते मांडलं. कोंडलेल्या जागेत पळून जायची सोय नाही, तिथं मारामाऱ्या होणारच. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी कॅनडात एल्समीर बेटावर मोकळे लांडगे बरीच वर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. अल्फा, म्हणजे कळपाचा सरदार, हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात आधी डेव्हिड मीच यांचाच मोठा हात होता, आणि तो सोडून द्या असंही तेच सांगत राहिले. शिवाय टायगर कुत्रा आहे, आपण माणसं. त्याला आपल्या गादीवर बसायचं नाहीये, म्हणजे झोपायला बसेल 😂

ए-२०४ काकू: पण त्याला सगळं कळतं हो ताई. माझी चप्पल फाडली तेव्हा कसा मान खाली घालून बसला होता, गुन्हेगारासारखा.

सी-३०२ ताई: काकू, याच्यावर कुत्र्यांच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ चा प्रयोग आहे. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो 'गुन्हेगार' चेहरा खाण्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही त्यावर होता. ज्यांनी खाल्लंच नव्हतं त्यांनीही बोलणी बसल्यावर तसाच चेहरा केला. त्याला चप्पल कळली नाही, तुमचा आवाज कळला.

ए-३०१: पाणी कधी सोडणारेत? टाकी खाली आहे.

सेक्रेटरी: उद्या पहाटे. विषय चालू द्या.

बी-४०१ भाऊ: म्हणजे भुंकला तरी बिस्कीट द्यायचं? मग तर रोज भुंकेल.

सी-३०२ ताई: प्रश्न बरोबर आहे. तुकडा भुंकण्याआधी द्यायचा. दादा, तुम्ही त्याला लिफ्टपासून एवढं लांब धरा की दाराचा आवाज येईल पण तो ताठ होणार नाही. तुमच्या मजल्यावर बहुतेक पॅसेजच्या पार टोकाला. दार वाजलं की लगेच तुकडा, एक-दोन सेकंदांच्या आत. उशीर झाला तर त्याला वाटेल भिंत हुंगल्याबद्दल मिळाला. दार बंद, खाऊ बंद. असं होत होत एक दिवस दार वाजेल आणि तो लिफ्टकडे बघायचं सोडून तुमच्या हाताकडे मान वळवेल. ती मान वळली की समजा गाडी रुळावर आली, तेव्हाच एक पाऊल पुढे. भुंकला तर तुम्ही जास्त जवळ गेलात, ओरडू नका, मागे या.

बी-२०१ दादा: तुकडा कसला? तो कोरडं डॉगफूड तोंडात घेऊन परत टाकतो.

सी-३०२ ताई: मग पगार वाढवा 😄 उकडलेलं चिकन, तुमच्याकडे चालत नसेल तर पनीर. हरभऱ्याएवढाच तुकडा, आणि तेवढं संध्याकाळच्या जेवणातून कमी करा. दूधवाल्यावर उडी मारतो ना? तिथं उडी मारली की दूधवाल्याने पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर असले की तुकडा. सुरुवातीला उड्या वाढतील, कारण आजवर चालणारी युक्ती चालेना. तेव्हा वैतागून कोणी गोंजारलं की संपलं, 'जास्त जोरात मारली की मिळतं' एवढं पक्कं होतं.

बी-४०१ भाऊ: माझ्या मित्राने काटेरी साखळी लावली होती, महिन्यात सरळ झाला.

सी-३०२ ताई: काम होत नाही असं मी म्हणत नाही. त्याची किंमत कुत्रा भरतो. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. झटके, ओरडा यांवर चालणाऱ्या प्रशिक्षण शाळांमधल्या कुत्र्यांत शिकवणीनंतर लाळेतलं ताणाचं संप्रेरक जास्त वाढलं, जांभया देणं आणि ओठ चाटणंही जास्त. बक्षिसावर शिकणाऱ्यांत तसं नव्हतं. प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धत सुचवली, आक्रमक कुत्रेही त्यात आले. आणि अचानक वागणूक बदलली असेल तर आधी डॉक्टर. कान दुखत असेल तरी कुत्रा चिडचिड करतो.

ए-१०३ आबा: आनि गेटवरनी भटकी कुत्री काळीनं काय? तिले कोण शिकाडी?

सी-३०२ ताई: आबा, काळीला नको, मुलांना शिकवू. पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हात अंगाजवळ ठेवून उभं राहायचं. जेवताना आणि झोपेत असताना तिच्याजवळ जायचं नाही. कुत्रा चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना. हळद-चुना काही नाही. आणि तिला गेटमध्येच पोळी टाकणं बंद करा. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या केंद्राच्या २०२३ च्या नियमांत खाऊची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर ठरवायला सांगितलंय.

सेक्रेटरी: मागच्या कंपाउंडजवळ जागा करू. वॉचमनदादांची काठी उद्यापासून केबिनमध्ये. रविवारी गच्चीवर भरीत पार्टी आहे, टायगरचं काय?

सी-३०२ ताई: धूर, गर्दी, गोंधळ, घरीच राहू दे. आणि उरलेलं भरीत त्याला प्रेमाने कोणी घालू नका. आपल्या भरतात कांद्याची पात आणि लसूण असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तेही लगेच दिसत नाही, काही दिवसांनी कळतं. मनुका, द्राक्षं पण नाही.

बी-२०१ दादा: केळं?

सी-३०२ ताई: जळगावात राहून केळ्याला नाही कसं म्हणू 😄 दोन चकत्या, साल काढून.

ए-१०३ आबा: मंग सकाये लिफ्टनं दार उघडाले मी येसू.

बी-२०२ वहिनी: आबा आलात तर फारच बरं. ताई, पिल्लू विचारतोय, तुकडा त्याने दिला तर चालेल का?

सी-३०२ ताई: हातातून नको. काही दिवस त्याने फक्त लांबून जायचं, टायगरकडे न बघता. टायगर सैल उभा राहायला लागला की मग पिल्लूने चालता चालता जमिनीवर टाकायचा आणि पुढे जायचं. पट्टा दादांच्याच हातात.

बी-२०२ वहिनी: ठीक. सव्वासातला खाली येतो आम्ही, जिन्याने.