कामासाठी गाव सोडून आलेल्या बाईला काय म्हणायचं?

सांजवात: गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांच्या मुलाखतींवर लिहितेय. कोकणातून, घाटावरून आलेल्या, खोलीवरच्या गिरणी कामगारांना दोन वेळचं करून घालणाऱ्या. मी 'चाकरमानी बायका' लिहिलं तर संपादकांनी खोडलं, म्हणे चाकरमानी पुरुषच असतो, 'स्थलांतरित महिला' लिहा. मला त्याला सरकारी अहवालाचा वास येतो. तुमच्याकडे काय म्हणतात?

तळकोकण: गणपतीत 'चाकरमानी इले' म्हणतात त्यात बायकापोरं सगळी आली. पण एकट्या बाईला चाकरमानी म्हटलेलं ऐकलं नाही बुवा. ती 'मुंबयची वहिनी'च.

शब्दखूळ: मुळात चाकर फारसी, आणि कमीपणाचा. २०२५ मध्ये सरकारनेही 'कोकणवासीय' म्हणा असं काढलं होतं ना?

तळकोकण: आम्हाला कमीपणा वाटत नाही. मनीऑर्डरवर गावचं घर चाललं ते याच चाकरीतून, शब्द कशाला पुसायचा? आणि फारसी काढायचं तर कागदही टाका.

बीडकर: आमच्याकडे 'जगायला गेले' म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं जगायला गेली. ऊसतोडीला 'कोयत्याला गेली'. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा कोयता, आणि उचल मुकादम देतो ती नवऱ्याच्या हातात. बाईला वेगळा शब्द राहू द्या, वेगळी मजुरीच नाही.

सांजवात: बीडकर, माझं घोडं इथंच अडलंय! जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारतात, तिथे बायकांपुढे सगळ्यात मोठा आकडा 'लग्न'. माझ्या मुलाखतींतल्या एक आजी लग्न होऊन आल्या हे खरंच, पण लगेच चुलीपुढे बसल्या त्या कायमच्या, पहाटेच्या पाळीवाल्यांची भाकरी आधी. लिहिता येत नव्हतं म्हणून कोण जेवायला आला नाही त्याचा खाडा कोळशाने भिंतीवर, माणसागणिक वेगळी खूण. महिनाअखेर हिशेब चोख. आणि कागदावर मात्र 'लग्न'. म्हणून मला असा शब्द हवाय ज्यात तिचं येणं आणि कमावणं दोन्ही दिसेल, नाहीतर इतिहासात ती कुणाच्या तरी मागून आलेलीच राहते.

नि३: 'कष्टकरी स्थलांतरिता'?

तळकोकण: आजीला वाचून दाखवा आणि बघा काय म्हणते ती.

बीडकर: खाडा आमच्यातपण आहे, कामावर नाही गेलं की खाडा. जेवणाचा पहिल्यांदाच ऐकतोय.

नि३: पुण्यात मेसमध्ये सर्रास. दोन खाडे आधी सांगितले तर पैसे वळते.

शब्दखूळ: खाडा आणि खंड एकाच घरचे असावेत. खंड पडला, खाडा पडला.

तळकोकण: पुरावा? आमच्याकडे खाडी आहे, ती पण खंडातूनच काय?

सांजवात: अहो, बाईचं काय झालं?

शब्दखूळ: खाडीचं वेगळं, सांगतो. थांबा, कोश काढतो.