भाताच्या पेंढ्याच्या गाठी: काजूचा प्रेस, लाकडी पेटी की ट्रॅक्टरचा बेलर?

वाळपईकर

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची थोडी भातशेती आणि दुभत्या जनावरांचा लहानसा गोठा आहे. कापणी आता कंबाईन हार्वेस्टरने होते आणि पेंढा शेतभर विस्कटून पडतो. पूर्वीप्रमाणे पेंढ्या बांधून उडवी रचायला माणसे मिळत नाहीत. त्यामुळे स्वतःच्या शेतातला पेंढा कुजू द्यायचा आणि चोर्ला घाटातून, बेळगावच्या बाजूने, विकतची वैरण आणायची, असा उफराटा व्यवहार चालला आहे. ती वैरणही मोकळी असते, म्हणून टेम्पो वजनाने भरण्याआधी आकारमानानेच भरतो आणि भाडे मात्र पूर्ण गाडीचे मोजावे लागते.

पेंढा दाबून गाठी बांधाव्यात, एवढे ठरले आहे. यंत्र कोणते घ्यावे, हे ठरत नाही. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो की, काजूची बोंडे पिळण्याचा स्क्रूचा प्रेस आमच्याकडे आहेच, त्याचा पिंजरा चौकोनी आणि उंच करून देतो, काम झाले. काहींनी लाकडी पेटी आणि वरून दाबायचा लांब दांडा सुचवला आहे. ट्रॅक्टरवर चालणारा बेलर, म्हणजे गाठी बांधणारे यंत्र, भाड्याने मागवता येईल, पण आमची शेते लहान असून मध्ये बांध आहेत. पेंढ्याला नेमका किती दाब लागतो आणि आपल्या हवेत अशा गाठी पावसाळाभर टिकतात का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

कुंडईचा फिटर

वाळपईकर, वेल्डिंगवाल्याची सूचना सरळ दिसते, पण तिच्यात एक अडचण आहे. बोंडे पिळताना चोथा थोडासाच खाली बसतो आणि जोर मात्र पुष्कळ लागतो. पेंढ्याचे नेमके उलटे असते, कारण तिथे जोर बेताचा पुरतो, पण दाबणारे पटल खूप लांब उतरावे लागते. स्क्रूचा पेच, म्हणजे एका फेऱ्यात पटल जेवढे उतरते ते अंतर, ६ मिलिमीटरचा धरला, तर पटल ४० सेंटिमीटर उतरवायला सुमारे ६७ फेरे द्यावे लागतील, आणि पुढची भर घालण्यासाठी तेवढेच फेरे उलटे. शिवाय जो स्क्रू आपोआप मागे फिरत नाही, त्यात हाताच्या मेहनतीपैकी निम्म्याहून अधिक घर्षणातच जाते. दहा गाठी होईपर्यंत माणूस दमेल आणि प्रेस पुन्हा काजूच्या हंगामाची वाट बघत पडून राहील. मोटारीच्या जॅकचीही हीच गत आहे: दहा टनांचा जॅक दहा टन उचलतो, पण त्याचा दट्ट्या वीतभरही वर येत नाही.

आता हिशेब पाहू. प्रचलित लहान चौकोनी गाठ ३५ × ४५ × ९० सेंटिमीटरची असते, म्हणजे तिचे आकारमान ०.१४ घनमीटरच्या आसपास येते. हाताच्या प्रेसमध्ये पेंढा घनमीटरला ९० ते १०० किलोपर्यंत दाबला जातो असे धरले, तर एक गाठ तेरा-चौदा किलोंची होईल, आणि ती एक माणूस सहज उचलू शकेल. मोकळा पेंढा घनमीटरला ४० किलोंच्या घरात धरला, तर तेवढ्या गाठीसाठी पेटीच्या मापाचा सव्वादोन मीटर उंचीचा ढीग लागेल. एवढी उंच पेटी कोणी करत नाही. म्हणून तीन-चार वेळा भर घालावी, प्रत्येक भर पायाने तुडवावी आणि दांड्याचा उपयोग शेवटच्या दाबापुरता करावा.

दांड्याचे गणित सोपे आहे. दांडा २ मीटर ४० सेंटिमीटर लांब आणि टेकूपासून पटलापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर जोर सहापट होतो. माणसाने ५० किलोंचा भार टाकला, तर पटलावर ३०० किलो येतील. पटलाचे क्षेत्रफळ १५७५ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.१९ किलो. हा आकडा फुटकळ वाटतो, पण तुडवलेल्या पेंढ्याला तो पुरतो. मात्र सहापट जोर मिळतो, तशी दांड्याच्या टोकाची चालही सहापट होते: पटल ४० सेंटिमीटर उतरवायचे, तर टोक २ मीटर ४० सेंटिमीटर फिरेल, आणि एवढे ते एका झटक्यात खाली ओढता येत नाही. यासाठी दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांना ओळीने भोके पाडून घ्यावीत. अर्धा दाब झाला की पटल खिळीने अडवावे, टेकू खालच्या भोकात घ्यावा आणि उरलेला दाब द्यावा. ही खिळी नसेल, तर पेंढा पटलाला पुन्हा वर ढकलतो आणि अर्धी मेहनत वाया जाते.

वीज जवळ असेल आणि गाठी शेकड्यांनी बांधायच्या असतील, तर हायड्रॉलिक प्रेसचा विचार करावा. ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि १०० बार दाब एवढ्यात साधारण दोन टन जोर मिळतो. मिनिटाला १० लिटर तेल देणाऱ्या पंपावर पटल ६० सेंटिमीटर उतरायला सुमारे सात सेकंद लागतात आणि ३ अश्वशक्तीची मोटर पुरते. पण तिथे गाठ बाहेर काढायच्या दाराची काळजी घ्यावी लागते. दोन टन जोराने दाब चौरस सेंटिमीटरला सव्वा किलो होतो. त्याचा तिसरा हिस्सा जरी बाजूला गेला, तरी ४५ × ९० सेंटिमीटरच्या दारावर सतराशे किलोंचा रेटा येतो. घराच्या दाराला लावतो तशी कडी तिथे लावू नये, आणि पटल वर घेतल्याशिवाय दार उघडताच येणार नाही, अशी अडसराची सोय करावी.

मूळचा खानदेशी

फिटरसाहेबांचा हिशेब पटला. माझी बरीच नोकरी जळगावकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यांत, गेली, त्यामुळे कापसाच्या बाजूने थोडे सांगतो.

कापसाच्या प्रेसला लोक नुसते दाबण्याचे यंत्र समजतात, पण खरी करामत भरण्यात आहे. चांगल्या प्रेसला दोन पेट्या असतात आणि त्या मधल्या खांबाभोवती फिरतात. एका पेटीत रुई पडत असते आणि ट्रॅम्पर ती वरून तुडवत असतो. त्याच वेळी दुसरी पेटी मुख्य दट्ट्याखाली असते, तिथे गाठ दाबली जाते आणि बांधली जाते. त्यामुळे भरणारा आणि बांधणारा एकमेकांसाठी खोळंबत नाहीत. वाळपईकरांनी कापसाच्या धंद्यातून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे: लाकडाच्या दोन पेट्या करून त्या एकाच दांड्याखाली आळीपाळीने सरकवल्या, तर दोन माणसांत काम बरेच झपाट्याने होईल.

बांधणीचेही तसेच. रुई दाब काढला की उसळते; म्हणून दाब असतानाच पट्ट्या किंवा तारा आवळतात, आणि त्यासाठी पटलाला व तळाला आरपार खाचा ठेवलेल्या असतात. पेंढाही उसळतोच. पेटीत पेंढा भरण्यापूर्वीच दोऱ्या या खाचांतून घालून ठेवाव्यात. मागाहून ओवायला गेलात, तर हात अडकेल.

मात्र कापसाइतके दाबण्याच्या मोहात पडू नये. आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोंची बांधतात आणि ती इतकी घट्ट असण्याचे कारण वाहतुकीत आहे, कारण जहाजावर किंवा रेल्वेच्या डब्यात जागा महाग पडते. गोव्याचाही याच्याशी जुना संबंध आहे. मुरगाव बंदरापासून गोव्याच्या सीमेजवळच्या कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे १८८० च्या दशकात बांधली गेली, तेव्हा धारवाड-हुबळीकडचा कापूस त्या मार्गाने समुद्रावर येईल, हीही एक अपेक्षा होती. पण रुई कोरडी असते, प्रेसमध्ये येताना तिच्यात साधारण ८ टक्के ओल असते. पेंढ्यात ओल याच्या दुप्पट सहज सापडते, आणि घट्ट दाबलेल्या ओल्या पेंढ्यातून वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून दोन टन जोराची गरज मला तरी दिसत नाही; घाट चढून-उतरून येणाऱ्या गाडीत जागा वाचवायची असेल तेव्हाच तो खर्च परवडेल, आणि तो प्रेस मग घाटावर, पेंढा विकणाऱ्याच्या खळ्यावर बसवायला हवा.

धारगळकर

वरील दोघांनी यंत्राचे चोख सांगितले. मला ओलीबद्दल सांगायचे आहे, कारण गोव्यात गाठ बिघडते ती बहुतेक वेळा तिच्यामुळेच.

सरदाचे, म्हणजे पावसाळी, भात कापणीला येते तेव्हा पाऊस पुरता सरलेला नसतो, आणि सकाळचे दव दहा वाजेपर्यंत हटत नाही. वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, पेंढा मात्र मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतो. गाठी बांधायच्या त्या वायंगणाच्या पेंढ्याच्या बांधाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. सरदाचा पेंढा आधी मोकळाच खाऊ घालावा. ओल १५ टक्क्यांच्या आत असावी. २० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, गाठ आतून तापते, आणि मोठ्या ढिगात ती उष्णता साठत गेली तर पेंढा आपोआप पेट घेऊ शकतो. तपासायला धान्याचे ओलमापक उपयोगाचे नाही. पेंढ्याचे बारीक तुकडे करून १०० ग्रॅम मोजावेत आणि वजन उतरणे थांबेपर्यंत मंद ओव्हनमध्ये वाळवावेत. ८२ ग्रॅम उरले, तर ओल १८ टक्के होती असे समजावे, आणि आणखी एक ऊन द्यावे.

बेलरबद्दल: चौकोनी गाठी बांधणाऱ्या यंत्राला ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो, लहान गोल गाठींच्या यंत्राला ३५ चा चालतो. गोल गाठ सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची असते आणि गोठ्यात तिची गुंडाळी उलगडून घालता येते, हा फायदा. थप्पी मात्र नीट बसत नाही. दोन्हींसाठी पेंढा आधी रेकने, म्हणजे ट्रॅक्टरच्या दाताळ्याने, ओळीत ओढावा लागतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, किंवा सलग मोठ्या शेतात हे जमते. प्रत्येक बांधापाशी यंत्र उचलून वळवायचे असेल, तर भाड्याचा निम्मा वेळ वळण्यातच जाईल.

वाळपईकर

सर्वांचे आभार. काजूच्या प्रेसचा विचार सोडला. वायंगणाच्या पेंढ्यासाठी दांड्याची पेटी करावी, असे वाटते. दुसरी पेटी पहिलीचा अनुभव घेऊन करू. दोन शंका राहिल्या. बाजारात नायलॉनची सुतळी स्वस्त आणि मजबूत मिळते, ती चालेल का? आणि पेटीला सागवानच लागेल का? सागाचा भाव ऐकून वडील म्हणाले की, त्यापेक्षा गायीलाच पेटीत बसवू.

धारगळकर

नायलॉन टाळावे. गाठ सोडताना तुकडा वैरणीत राहिला आणि जनावराने गिळला, तर तो पोटात कुजत नाही. असे तुकडे कोठीपोटात साचून गोळा होतो आणि जनावर रवंथ सोडते. तागाची जाड सुतळी किंवा काथ्याचा सुंभ घ्यावा. एका गाठीला दोन वेढे पुरतात. तरीही सोडलेली दोरी गोठ्यातल्या खुंटीला लगेच अडकवण्याची सवय गड्याला लावावी.

साठवताना गाठी जमिनीवर ठेवू नयेत. खाली पोफळीचे ओंडके किंवा दगड मांडून वर फळ्या टाकाव्यात, भिंतीपासून हातभर अंतर सोडावे आणि पहिले दोन आठवडे मधल्या एखाद्या गाठीत अधूनमधून हात घालून पाहावा. गरम लागली, तर थप्पी लगेच मोडावी. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळणे हा वाईट उपाय आहे. आतला दमटपणा आतच राहतो. वर पत्रा आणि बाजू मोकळ्या असाव्यात.

कुंडईचा फिटर

सागाची गरज नाही. आइनाच्या, म्हणजे मत्तीच्या, फळ्या चालतील. किंवा १८ मिलिमीटरचा पाण्यात टिकणारा प्लायवूड बाहेरून लोखंडी अँगलने आवळून घ्यावा. आतली बाजू रंधा मारून गुळगुळीत करावी आणि स्क्रूची डोकी लाकडात बुडवावीत, नाहीतर पेंढा अडकून गाठ बाहेर निघत नाही. दाराच्या बाजूला पेटी वरपेक्षा तळाशी एक सेंटिमीटर रुंद ठेवली, तर दार उघडताच गाठ सुटी होते. दांड्यासाठी लाकूड न घेता दोन इंची जाड पाईप घ्यावा. टेकूची खिळी १६ मिलिमीटरच्या सळीची करावी, आणि ती साखळीने पेटीला बांधून ठेवावी, कारण पेंढ्यात पडलेली खिळी सापडत नाही.